मोरीतला रियाज : एका नवशिक्या गायिकेचे नऊ महिने

मी दादरला गेली सव्वीस वर्षं घरी गाण्याचे वर्ग घेते. लहान मुलं येतात, तशी चाळिशी-पन्नाशीत पहिल्यांदाच पेटीसमोर बसणारी माणसंही येतात. या मोठ्या मंडळींपैकी बहुतेक जण पहिल्या दिवशी एकच वाक्य म्हणतात, ‘बाई, गाता येतं हो मला, पण कॉन्फिडन्स नाही.’ पुष्कळ वर्षं मी हे वाक्य जसंच्या तसं खरं मानलं आणि धीर देत राहिले. पुढे दिलेल्या प्रकरणाने माझी ती सवय मोडली. विद्यार्थिनीच्या परवानगीने हे लिहिते आहे. त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, गाण्याविषयीचं काहीही बदललेलं नाही.

पार्श्वभूमी

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा माघ चालू होता. वय त्रेचाळीस, फोर्टमधल्या एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम, राहायला करी रोडजवळच्या एका चाळीत. सीएसएमटीहून संध्याकाळची स्लो पकडायची, करी रोडला न उतरता दोन स्टेशनं पुढे दादरला यायचं, पाऊण तास शिकायचं आणि पुन्हा मागे जायचं, असं आठवड्यातून दोनदा. घरी जाऊन रात्रीचा स्वयंपाक करायचा असलेली बाई हे करते, तेव्हा तिला गाणं किती हवं आहे हे वेगळं विचारावं लागत नाही.

गाणं त्यांना नवं नव्हतं. चाळीच्या गणपतीत त्या खड्या आवाजात आरत्या म्हणत, एकादशीच्या भजनात मागून धरत. एकटीने गाणं मात्र दोन वर्षांपूर्वी बंद झालं होतं. नणंदेच्या मुलाच्या बारशाला त्यांनी पाळणा म्हटला, कुणीतरी तो मोबाइलवर घेतला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. वाईट कुणीच बोललं नाही, उलट कौतुकच झालं. पण त्यांनी स्वतः तो ऐकला. ‘तो आवाज माझा नव्हताच बाई. बारीक, चिरका. मला इतकी वर्षं वाटत होतं मी बरी गाते. म्हणजे सगळे मला सांभाळून घेत होते का?’

हा धक्का फार जणांना बसतो. आपण बोलतो-गातो तेव्हा आपला आवाज हवेतून कानाशी येतो, तसाच कवटीच्या हाडांमधूनही आतल्या कानापर्यंत पोहोचतो. हाडातून येणाऱ्या आवाजात खालचे, जाड अंश जास्त असतात, म्हणून स्वतःचा आवाज स्वतःला भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडातला वाटा नसतो. जगाला आपला जो आवाज ऐकू येतो तो आपल्यालाच परका वाटतो. त्यांना मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण पटलं नव्हतं. ऐकून पटणारी गोष्ट नाहीच ती.

अडचण काय दिसली

पहिल्या दिवशी मी म्हटलं, तुम्हाला आवडेल ते गा. त्यांनी मोबाइलवर एका जुन्या भावगीताचा कराओके ट्रॅक लावला. मूळ गायिकेची पट्टी, म्हणजे ज्या उंचीवर सा धरायचा ती जागा, तीही उंच. धृपद कसंबसं निभावलं. अंतऱ्यात आवाज वर जायच्या ऐवजी अडकला, फाटला आणि पुढची ओळ त्यांनी एक सप्तक खाली घेतली. गाणं संपायच्या आधीच ट्रॅक बंद केला.

मग तानपुरा लावला आणि नुसता षड्ज, म्हणजे सा, लावायला सांगितला. आवाज मऊ होता, पण त्यात हवा फार. सूर खालून यायचा, तीन-चार सेकंदांनी जागेवर पोहोचायचा आणि तोवर श्वास संपत आलेला असायचा. एका श्वासात जेमतेम आठ सेकंद. पेटीवर वेगवेगळ्या पट्ट्या धरून पाहिल्या. चाळीच्या भजनात पेटी कायम काळी पाचला, म्हणजे पाचव्या काळ्या पट्टीवर सा धरून, लागते, म्हणून त्याही काळी पाचलाच आपली पट्टी समजत होत्या. तिथे तार गंधाराशी, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ग पाशी, त्यांचा गळा आवळायचा. पांढरी पाचला मात्र मंद्र पंचम, खालच्या सप्तकातला प, नीट ऐकू येत होता आणि वरही मोकळेपणा होता. काळी पाचचा षड्ज म्हणजे सेकंदाला सुमारे २३३ कंपनं, पांढरी पाचचा १९६. पेटीवर हे अंतर तीन घरांचं आहे, पण त्या गळ्यासाठी ते सुखाने गाणं आणि झटापट यांच्यातलं अंतर होतं.

आमच्याकडच्या सर्वसाधारण समजुतीने बायकांची पट्टी काळी चार-पाच आणि पुरुषांची काळी एक-दोन. ती ढोबळ समजूत आहे, नियम नव्हे. आपली पट्टी खाली आहे म्हणजे आपल्यात काही कमी आहे, असं त्यांना वाटलं. ‘पांढरी पाच? मग मी भजनात कशी गाऊ?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. तेव्हा मी तो हसून बाजूला ठेवला. पुढे कळलं की सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच होता.

पहिला निर्णय : कशापासून सुरुवात

माझ्यासमोर तीन वाटा होत्या. त्यांची इच्छा कराओकेवर गाणी बसवायची होती. पट्टी खाली करून तेही करता आलं असतं. ट्रॅक तीन घरं खाली उतरवणं आता मोबाइलवर सहज होतं. गोडी टिकते हा त्याचा फायदा. तोटा असा की ट्रॅकवर वाद्यं इतकी भरलेली असतात की नवशिक्याला आपला सूर कुठे आहे ते ऐकूच येत नाही.

दुसरी वाट परीक्षांची. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ साली ते मुंबईला आले, आणि गाणं सामान्य घरातल्या मुलाबाळांपर्यंत न्यायचा त्यांचा ध्यास त्यांच्या शिष्यांनी पुढे चालवला. १९३१ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा आजही घरोघरी माहीत आहेत. प्रारंभिकेला लेखी पेपर नसतो, परीक्षकासमोर गाऊन दाखवायचं असतं. ठरलेला अभ्यासक्रम, ठरलेली तारीख, हातात प्रमाणपत्र, याने पुष्कळांना बळ येतं. पण अनोळखी माणसासमोर एकटीने गायची वेळ सहा महिन्यांत आणायची, याचा मला धीर होईना.

तिसरी वाट म्हणजे वर्षभर खर्ज (खालच्या सुरांचा सराव), अलंकार, पलटे (सुरांच्या ठरावीक रचना) आणि दुसरं काही नाही. माझ्या गुरूंनी मला असंच शिकवलं. मला ते लाभलं, कारण मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि माझ्याकडे वेळच वेळ होता.

मी तिन्हींच्या मधला रस्ता धरला : पांढरी पाच, रोज वीस मिनिटं षड्ज आणि अलंकार, एक राग आणि एक अभंग. राग भूप. त्यात मध्यम-निषाद, म्हणजे म आणि नी, नाहीत, स्वर एकमेकांपासून लांब आहेत, त्यामुळे जरा घसरलं तरी नवशिक्याच्या कानालाही खटकतं. अभंग त्यांच्या आवडीचा, भजनातला. हा निर्णय आजही मला बरोबर वाटतो.

दोन महिने आणि न सुटणारं कोडं

वर्गात थोडी प्रगती दिसायची आणि पुढच्या खेपेला ती पुसलेली असायची. मंगळवारी षड्ज जागेवर, शुक्रवारी पुन्हा खालून. शिवाय गळा थकलेला. ‘रोज करते बाई, वीस मिनिटं, खंड नाही,’ असं त्या सांगायच्या आणि त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. मी गरम पाणी प्या म्हटलं, धीर धरा म्हटलं, तुमचा आवाज गोड आहे म्हटलं. वर्गातल्या बाकीच्यांसमोर कौतुकही केलं. काही हललं नाही.

शेवटी मी म्हटलं, घरच्या रियाजाचं एक मिनिट मला पाठवा. रेकॉर्डिंगचं नाव काढताच त्यांचा चेहरा उतरला. आठवडा गेला, मग एका सकाळी आलं. ते मी तीनदा ऐकलं. पहिल्यांदा वाटलं फोन बिघडलाय. नुसता पाण्याचा आवाज! प्लास्टिकच्या पिंपात वरून पडणारी धार, मग कळशी, मग बादली सरकवल्याचा आवाज, आणि या सगळ्याच्या मागे कुठेतरी आकारात, म्हणजे नुसत्या ‘आ’वर, ओढलेला एक सूर. तानपुरा ऐकूच येत नव्हता.

त्या मोरीत गात होत्या. साडेसहाला चाळीत पाणी येतं. प्रत्येक खोलीत पिंपं भरायला लागतात आणि त्या दणक्यात एका बाईचं गाणं कुणाला ऐकू जात नाही. मोरीच्या अर्ध्या भिंतीआड पाठ करून, नळ पूर्ण सोडून, त्या वीस मिनिटं अलंकार म्हणायच्या. तानपुऱ्याचा मोबाइल भिजू नये म्हणून बाहेर फळीवर. नळ बंद केला की गाणंही बंद.

मला त्या क्षणी पहिल्यांदा नीट दिसलं की इथे धीराचा प्रश्न नंतरचा आहे. दुसऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी जो आडोसा शोधला होता, त्याने त्यांचा स्वतःचाही कान झाकला गेला होता. सूर ऐकू आला तर दुरुस्त होणार. इथे ना तानपुरा ऐकू येत होता ना स्वतःचा आवाज. रोज वीस मिनिटं त्या सुराशिवाय गायचा सराव करत होत्या, तोही मन लावून.

गळा का थकतो तेही उलगडलं. आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर एतिएन लोम्बार्ड यांनी १९११ साली हे मांडलं, त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. माझ्या विद्यार्थिनीला वाटत होतं आपण हळू गातो, प्रत्यक्षात नळाच्या वर जाण्यासाठी गळ्यावर जोर पडत होता. वर्गात आल्या की शांततेत आपला आवाज ऐकूनच त्या बिचकत, मग अर्धा श्वास सुराबरोबर नुसता वाहून जाई. स्वरतंतू नीट मिटले नाहीत की हवा गळते, दम पुरत नाही आणि सूर उतरतो. घरचा आवाज एक, वर्गातला दुसरा, आणि दोन्ही त्यांचे नाहीत.

दुसरा निर्णय : गायचं कुठे

मुंबईत गाणं शिकणाऱ्यासाठी हा प्रश्न खरा आहे, आणि आम्ही शिकवणारे तो विचारत नाही. एका खोलीत चार माणसं, शेजारची भिंत म्हणजे नुसता पडदा, समोर सामायिक गॅलरी. रियाज करा, असं सांगणं सोपं.

चाळीच्या गच्चीला कुलूप असतं, किल्ली सेक्रेटरींकडे. ते पहाटे उठून द्यायला तयार नव्हते. वर्गाआधी अर्धा तास माझ्याकडे येऊन बसा, हे मी सुचवलं, पण ऑफिस सुटायची वेळ आणि गाडी यांचं गणित जमेना. मग दोन रविवार आम्ही शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सकाळी बसलो. तिथे वेगळीच अडचण. मोकळ्यावर आवाज परत येत नाही, भिंत नाही, छप्पर नाही. नवशिक्याला वाटतं आपला आवाज पोहोचतच नाही आणि तो पुन्हा गळ्याने ढकलायला लागतो. फिरायला आलेल्यांच्या नजरा होत्याच.

उरला एकच पर्याय, घरातच, पण नळाच्या आधी. सहा वाजून दहा मिनिटांनी, दार लोटून, उजेडात, तानपुरा मांडीजवळ ठेवून. म्हणजे आपण गातो हे घरात आणि चाळीत सांगावं लागणार. त्यांनी मान हलवली, नाही जमणार. ‘माझ्या सासूबाई उठलेल्या असतात.’

मी आग्रह केला नाही. एवढंच म्हटलं, एकदा त्यांना विचारून तर बघा. त्यांनी विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी मोरीत जाताना त्या घुटमळल्या, तेव्हा सासूबाईंनीच विषय काढला. ‘अगं, दोन महिने ऐकतेय. मोरीत कसली गातेस? इथे ये, उजेडात बस. मला पण ऐकू येऊ दे की.’ पाणी पडत असतानाही त्यांना ऐकू येतच होतं. जे लपवलं असं वाटत होतं, ते लपलेलं नव्हतंच.

शेजारच्या दोन खोल्यांमध्ये त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं की सकाळी वीस मिनिटं गाईन, त्रास झाला तर सांगा. कुणी हरकत घेतली नाही. तिसऱ्या आठवड्यात समोरच्या काकूंनी गॅलरीत विचारलं, ‘आज तुझा सा जरा उतरला होता का गं?’ हे मला सांगताना त्या रडवेल्या झाल्या होत्या. मी म्हटलं, तुमच्या काकूंचा कान तयार होतोय, तुमच्यामुळे. त्यांनी ते कसं घेतलं ठाऊक नाही, पण रियाज थांबवला नाही.

रेकॉर्डिंगची भीती

दुसरीकडे रेकॉर्डिंगचं काम चालू केलं. पाळण्याच्या व्हिडिओने जी जखम केली होती ती न उघडता पुढे जाता येत नव्हतं. पण ‘रोज ऐका’ म्हटलं असतं तर त्यांनी मोबाइलच बंद ठेवला असता. म्हणून नियम लहान ठेवला. रोज एक मिनिट, फक्त षड्ज. ज्या दिवशी गायलं त्या दिवशी ऐकायचं नाही. दोन दिवसांनी ऐकायचं आणि वहीत एकच गोष्ट लिहायची, तीही दिसेल अशी : सूर खालून आला की थेट लागला, किती सेकंद टिकला, शेवटी घसरला का. ‘चांगलं’, ‘वाईट’ हे शब्द वहीत लिहायचे नाहीत.

दोन दिवसांच्या अंतराचं कारण असं की गाताना मनात जो त्रागा असतो तो तोवर ओसरतो आणि माणूस स्वतःला दुसऱ्यासारखं ऐकू शकतो. ती वही मी पाहिली आहे. पहिल्या पानावर ‘खालून, ७ से.’ अशा ओळी एकाखाली एक. हिशेबाच्या बाईचं सुबक अक्षर. चौथ्या पानावर पहिल्यांदा ‘थेट’ आलं आणि त्याखाली त्यांनी रेघ मारली होती.

सूर खालून घ्यायची सवय मोडायला मी एक जुनीच गोष्ट दिली. तानपुऱ्याची दोन आवर्तनं नुसती ऐकायची, मग ओठ मिटून गुणगुणायचं, नाकाच्या मुळाशी आणि गालांत ती थरथर जाणवली की तोच सूर आकारात उघडायचा. घाईने तोंड उघडलं की सूर शोधत बसावं लागतं. महिनाभरात षड्ज बारा सेकंदांवर गेला. आवाजातली हवा कमी झाली. गळा बसणं दहा दिवसांतच थांबलं होतं.

गुरुपौर्णिमा

इथे माझी चूक झाली. ती सविस्तर लिहिते.

आषाढात माझ्या वर्गाची गुरुपौर्णिमा असते. दादरलाच एक लहान सभागृह, साठ-सत्तर माणसं, माइक, तबला, पेटी. मला वाटलं, आता वेळ झाली आहे. त्या नको म्हणाल्या. मी म्हटलं, एकच अभंग, तीन मिनिटं, सगळी आपलीच माणसं. शेवटी माझ्या शब्दाखातर त्या हो म्हणाल्या.

त्यांचा क्रम मी तिसरा लावला, विशारद या वरच्या परीक्षेच्या दोन मुलींनंतर. तबल्यावर नेहमीचे दादा नव्हते. त्यांच्या जागी आलेल्यांना मी लय सांगितली नाही, कारण मी त्या वेळी हार-तुऱ्यांच्या गडबडीत होते. भजनी ठेका त्यांनी आपल्या सवयीने, म्हणजे आमच्यापेक्षा बऱ्याच चढ्या लयीत सुरू केला. माइकसमोर त्या आयुष्यात कधी बसल्या नव्हत्या. आपला आवाज समोरून मोठा होऊन परत आला आणि त्या दचकल्या. पहिली ओळ झाली. दुसऱ्यांदा मुखडा, म्हणजे सुरुवातीची ओळ, समेच्या (तालाच्या पहिल्या मात्रेच्या) आधीच येऊन पडला. तबला त्यांना सांभाळायला गेला, त्या तबल्याला सांभाळायला गेल्या. पहिल्या कडव्यानंतर त्या थांबल्या, हात जोडले, उठल्या. टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांनी त्यांना किती दुखावलं असेल ते मी समजू शकते.

भीती वाटली की शरीरात अॅड्रिनलिन उसळतं, तोंड कोरडं पडतं, श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो आणि आतलं घड्याळ पळायला लागतं. नवशिकाच नव्हे, जुनाजाणता गायकही तेव्हा लय चढवतो. त्यात तबला आधीच चढा असेल तर सावरायला जागा उरत नाही. हे मला माहीत होतं. तयारी मात्र मी केवळ सुराची करून घेतली होती.

तिसरा निर्णय : त्यानंतर

त्या दोन आठवडे आल्या नाहीत. चौथ्या दिवशी फोन केला, उचलला नाही. घरी जावं का, असा विचार आला. पण चाळीत गाण्याच्या बाई दारात उभ्या राहिल्या की त्या गोष्टीची चर्चा गॅलरीभर होते, म्हणून गेले नाही. गप्प बसून वाट पाहणं मला जमण्यासारखं नव्हतं. शेवटी एक निरोप लिहिला : ‘लय मी सांगायला हवी होती. माइकवर मी आधी बसवायला हवं होतं. दोन्ही राहिलं, त्यात तुमचं काही चुकलं नाही. अभंगाचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. तुम्ही म्हणाल तेव्हा ऐकू, नको म्हणालात तर पुसून टाकते.’

रेकॉर्डिंगचा उल्लेख करावा की नाही यावर मी दिवसभर अडले होते. ज्या माणसाला एका व्हिडिओने गप्प केलं त्याच्यापुढे दुसरा ठेवणं म्हणजे मोठी जोखीम. पण वहीतल्या चार महिन्यांच्या नोंदींवर माझा भरवसा होता. त्यांना आता ऐकायचं कसं ते येत होतं.

त्या आल्या. चहा झाला. ‘लावा,’ म्हणाल्या. पूर्ण ऐकलं, मध्ये कुणी बोललं नाही. मग त्यांनीच मोबाइल घेतला, मागे नेला आणि पहिली ओळ पुन्हा लावली. पुन्हा एकदा. ‘बाई, पहिली ओळ सुरात आहे.’

होती. षड्ज थेट लागला होता, खालून नव्हे. कोसळलं ते लयीत. ही गोष्ट मी सांगितली असती तर ते सांत्वन ठरलं असतं. त्यांनी स्वतः ऐकून काढली, म्हणून ती माहिती झाली.

पुढचे तीन महिने आम्ही सुराइतकंच लयीवर काम केलं. मोबाइलवरच्या तबल्यावर तोच अभंग तीन वेगवेगळ्या लयींत. ठेका सुरू झाला की लगेच गायला लागायचं नाही. दोन आवर्तनं मांडीवर टाळी धरून ऐकायचं, मगच मुखडा. लय चढी वाटली तर थांबून ‘थोडं उतरवा’ म्हणायचं, याचाही सराव केला. अक्षरशः ते वाक्य मोठ्याने म्हणून. माइक चाळीच्या मंडळाकडून एका दुपारी मागून आणला. तोंडापासून वीतभर अंतर, तार स्वराला किंचित मागे, आणि आपला मोठा झालेला आवाज ऐकत अर्धा तास नुसता भूप. श्रोतेही एकेक करून वाढवले. आधी सासूबाई, मग समोरच्या काकू, मग भजनातल्या चौघी.

परिणाम

कोजागिरीला चाळीच्या गच्चीवर मसाला दुधाबरोबर गाणी होतात. या वर्षी त्यांचं नाव भजनातल्या बायकांनीच दिलं. मी मागे बसले होते. पेटीवाले काका चाळीतले जुने, वडीलधारे. त्यांनी सवयीने काळी पाच धरली. त्या गायला लागल्या नाहीत. वळल्या आणि म्हणाल्या, ‘काका, माझी पट्टी पांढरी पाच आहे. तिथून द्या.’ काका म्हणाले, ‘अगं, भजन काळी पाचलाच उठतं.’ त्या म्हणाल्या, ‘उठू दे की तुमचं. माझं पांढरी पाचला उठतं.’ आजूबाजूच्या बायका हसल्या, काकाही हसले आणि त्यांनी पट्टी बदलली.

अभंग पूर्ण झाला. दुसऱ्या कडव्यात एक मात्रा घाई झाली, तिसऱ्यात तार मध्यमाला आवाज कच्चा पडला. बाकी सूर धरून होतं. माझ्या लेखी मात्र गाण्याआधीची ती दोन वाक्यं अभंगापेक्षा मोठी होती. माघातला ‘मग मी भजनात कशी गाऊ?’ हा प्रश्न मी बाजूला ठेवला होता. त्याचं उत्तर त्यांनी स्वतः शोधून दिलं.

वहीप्रमाणे आज षड्ज एका श्वासात सोळा-सतरा सेकंद टिकतो आणि बहुतेक दिवशी ‘थेट’ असतो. तार गंधारापर्यंत गळा मोकळा, मध्यम अजून नाही. द्रुत लयीत घाई होते. पाळण्याचा तो व्हिडिओ त्यांनी परवा पुन्हा पाहिला. पट्टी उंच होती, असं म्हणाल्या आणि मोबाइल ठेवून दिला.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच आठवड्यात मी ‘कुठे गाता?’ एवढं विचारलं असतं तर दोन महिने वाचले असते. आता प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला जागा, वेळ, आजूबाजूला कसला आवाज असतो आणि कोण ऐकतं, हे मी आधी विचारते. एक जण पंखा पाचवर ठेवून गातो, एक मुलगी टीव्हीच्या आवाजाखाली. उत्तरं बरीच सारखी निघतात.

गळा थकतो म्हटल्यावर गरम पाण्याचा सल्ला देऊन मी मोकळी झाले, तेही बरोबर नव्हतं. इथे कारण सापडलं आणि गळा सुटला. पण आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवायला हवं, तोवर रियाज वाढवून चालत नाही.

कौतुकाबद्दल माझं मत बदललं आहे. सुरुवातीच्या दोन महिन्यांत मी त्यांना जे जे गोड बोलले त्याने त्यांचा ‘सगळे मला सांभाळून घेतात’ हा संशयच पक्का झाला. वहीतल्या ‘थेट’ या एका शब्दाने जे केलं ते माझ्या शाबासकीने केलं नव्हतं. अजूनही कौतुक तोंडावर येतं, ते मी रोखून धरते आणि आधी विचारते, तुम्हाला काय ऐकू आलं?

गुरुपौर्णिमेच्या नियमांत यंदापासून दोन बदल केले आहेत. नवशिक्यांचा क्रम सगळ्यात आधी, आणि तबलजींबरोबर सभागृहातच, माइकवर, एक तालीम झाल्याशिवाय कुणाचंही नाव यादीत जाणार नाही. या प्रकरणात मी त्यांना फार लवकर ढकललं का, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. त्यांना विचारलं तर त्या म्हणतात, तो दिवस झाला नसता तर मी लयीकडे लक्षच दिलं नसतं. मला ते पूर्ण पटत नाही. ती पहिली ओळ सुरात निघाली नसती तर त्या परत आल्या असत्या का, कोण जाणे.

सध्या दुर्गा राग चालू आहे. मध्यमाशी अजून झगडा आहे. रियाज सहा-दहाला सुरू होतो, मोरीबाहेर, खिडकीशी. साडेसहाला पाणी आलं की सासूबाई नळ बारीक सोडतात, अलंकार संपेपर्यंत.